निळ्या फाटकासमोर बंद

मुलीच्या बाळंतपणाला आई जाते. आमच्याकडे आई उरलेली नाही, म्हणून मी गेलो. सोबत शेजारच्या वहिनींनी बांधून दिलेले डिंकाचे लाडू होते, सांगलीचं भडंग होतं आणि माझी हत्यारांची लोखंडी पेटी होती. रेल्वेत समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी पेटीकडे बघून विचारलं, "गॅरेजच्या कामाला निघालात वाटतं?" मी म्हणालो, "नाही, बाळंतपणाला." त्यानंतर ते हुबळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

पेटी नेण्याचं कारण सांगतो. माझी एकुलती एक लेक केतकी बेंगळूरुला राजाजीनगरात राहते. आठवा महिना लागल्यावर दवाखान्यात जायला हाताशी असावी म्हणून जावयानं, निखिलनं, एक जुनी गाडी घेतली. ती गाडी एके दिवशी उड्डाणपुलावर चालता चालता बंद पडली. केतकी मागच्या सीटवर होती. "मागून बस येत होती बाबा. बसवाल्यानं ब्रेक मारला म्हणून," एवढंच तिनं फोनवर सांगितलं. पुढं दोन गॅरेजांनी गाडी तपासून 'दोष काही नाही' म्हणून परत दिली. दवाखाना जयनगरला, म्हणजे तासाभराचा रस्ता. "टॅक्सी बोलवा की," मी म्हणालो. "ती येते म्हणते आणि ऐनवेळी रद्द होते. कळा काय तोवर थांबणार आहेत?" केतकी म्हणाली.

मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक होतो. इंजिनाला हवा, इंधन आणि ठिणगी या तीन गोष्टी लागतात. तिन्ही मिळाल्या तर ते चालतं, एक तुटली तर थांबतं, चौथं कारण जगात नाही, असं मी हजारेक पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं आहे. लेकीला कळा सुरू व्हायच्या आत या तीनपैकी काय तुटतंय ते शोधायचं, एवढंच माझं काम होतं.

सोमवार

यशवंतपूर स्टेशनावर निखिल न्यायला आला होता. गाडी पांढरी, नऊ वर्षांची, एकाच मालकानं वापरलेली. इंजिन सुरू केलं तेव्हा आवाज इतका साफ होता की मला वाटलं, पेटी उगाच वाहून आणली. चावीला मात्र एक भलाथोरला जुडगा लोंबत होता: वाटीच्या तोंडाएवढी पितळेची चकती, तिच्यावर मंजुनाथस्वामी, एक घुंगरू, काळा दोरा आणि सात-आठ किल्ल्या. सगळं एकाच जाड कडीत ओवून कडीचं तोंड डाग देऊन बुजवलेलं.

"एवढ्या किल्ल्या कशाच्या रे?"

"माहीत नाही बाबा. गाडीसोबतच आल्या. जयनगरच्या डीलरनं अशाच हातात दिल्या. मी कापून काढणार होतो, पण केतकी नाही म्हणते. देवाचं आहे म्हणे."

मीही मान डोलावली. दुसऱ्याचा देव असला म्हणून काय झालं, त्याच्यावर करवत चालवायला आमच्याही घरात कुणी धजावलं नसतं.

बेंगळूरुत गल्लीला क्रॉस म्हणतात आणि क्रॉसला नाव नसतं, नंबर असतो. आमच्या सांगलीत माणूस वाट सांगताना मारुतीपासून सुरुवात करतो आणि कुणाच्या तरी सासऱ्याच्या घरापाशी संपवतो. इथं नुसते आकडे. पण केतकीच्या क्रॉसमध्ये शिरल्यावर आकड्यांचं शहर एकदम थांबल्यासारखं वाटलं. दोन्ही बाजूंना जुनी बैठी घरं, वर पर्जन्यवृक्षांचं छत, भर दुपारी चारला अंधारल्यासारखं. एका निळ्या लोखंडी फाटकासमोर हंप होता, म्हणजे आपला गतिरोधक. पुढची चाकं त्याच्यावरून उतरली, घुंगरू वाजलं आणि इंजिन बंद पडलं.

आचके नाहीत, खोकला नाही. कुणीतरी हात फिरवून विझवावं तसं विझलं. समोरचे सगळे दिवे गेले, एसीचा पंखा थांबला. रेडिओवर मात्र एक बाई कन्नडमध्ये भक्तिगीत म्हणत होती, ती म्हणतच राहिली.

फाटकाच्या आत कट्ट्यावर एक म्हातारी बसली होती. दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला. तिनं चेहरा बरोबर आमच्या गाडीकडे वळवला आणि म्हणाली, "बंदऽ."

शेवटचा अ तिनं जरा लांबवला होता. परक्या गावात आल्या आल्या आपला शब्द कानावर पडल्यानं मला गंमत वाटली. खिडकीतून डोकं बाहेर काढून मी ओरडलो, "हो आजी, बंद!"

म्हातारीचा चेहरा असा उजळला की मलाच कानकोंडं झालं. ती भिंतीला हात लावत लगबगीनं घरात गेली. निखिलनं चावी मागं नेऊन पुन्हा फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"रोज म्हणते ती," निखिल म्हणाला. "तिला मराठी येतं वाटतं."

मंगळवार आणि बुधवार

केतकी खाली आलीच नाही. पोटावर हात ठेवून वरच्या गॅलरीतून बघत राहिली. गाडीला ती हात लावत नव्हती. "माझं मी बघीन बाबा, रिक्षानं जाईन," म्हणायची, आणि बोलता बोलता तिची नजर गाडीच्या पुढच्या सीटकडे जायची. मला वाटलं, उड्डाणपुलाची भीती बसली आहे.

घरमालकीण यमुनाक्का तळमजल्यावर राहतात. त्यांच्या घराण्याला इथं येऊन दहा-बारा पिढ्या झाल्या. घरात मराठी बोलतात, पण ते मराठी असं की दर चौथा शब्द शेजाऱ्याकडून उसना आणलेला. मी बॉनेटमध्ये डोकं घालून बसलो होतो तर म्हणाल्या, "अण्णा, आधी स्वल्प खाऊन घ्या की. गाडी कुठं पळून जातीय?" मी म्हणालो, "पळत नाही हाच तर घोळ आहे." त्यांनी गरम खारा बात आणून ठेवला. आपल्या सांज्यात भाज्या घालून वर सढळ हातानं तूप सोडलं की तो झाला. मी दोनदा घेतला आणि केतकीनं वरूनच "बाबा, कोलेस्टेरॉल" अशी हाक मारली.

बॅटरीची टोकं घट्ट, अर्थिंग ठीक, पंपाचा दाब बरोबर, कॉइल, प्लग, रिले सगळं नीट. शेवटी सलीमभाईच्या गॅरेजमध्ये नेली. मोठा भला माणूस. त्यानं स्कॅनर लावला. आताच्या गाड्या आपलं दुखणं स्वतः लिहून ठेवतात. कुठला सेन्सर रुसला, कधी रुसला, सगळं पडद्यावर येतं. सलीमभाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"कुछ भी नई दिखारा साब. गाडी बोलरी, मैं कभी बंद पडीच नई."

"अरे, रोज पडते!"

"गाडी के हिसाब से नई पडी," तो म्हणाला आणि त्यानं वायर काढून घेतली.

मी वही केली. कुठं थांबली, कितीच्या वेगात, इंजिन किती तापलेलं. निखिलला विचारून मागचंही लिहून काढलं. उड्डाणपुलावर, लोखंडी सांध्यापाशी, एकदा. बुधवारी जयनगरचा रस्ता पाहून यावा म्हणून आम्ही निघालो, तर त्याच पुलाच्या त्याच लोखंडी सांध्यावर पुन्हा एकदा. बाकी सगळ्या वेळा निळ्या फाटकासमोर. मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत अकरा हंप आहेत. मी मोजले. दहांवर काही नाही, आणि त्या एकावर हमखास. वही बंद करताना माझ्या लक्षात आलं की कारणांच्या रकान्यात मी काहीच लिहिलेलं नाही.

जयनगरात आम्ही सेट डोसा खाल्ला, दवाखान्याचं फाटक बघितलं, लिफ्ट कुठं आहे ते बघितलं. परतताना निखिल म्हणाला, "बाबा, मी ही गाडी विकून टाकू का?" मी म्हणालो, "आणि तिसऱ्याची लेक पुलावर थांबवू का?"

गुरुवार

संध्याकाळी साडेपाचला मी एकटाच गाडी घेऊन निघालो. झाडांतून तिरकं ऊन येत होतं. निळं फाटक आलं. मुद्दाम हळू गेलो, दुसऱ्या गिअरमध्ये. घुंगरू छुन्न वाजलं आणि इंजिन गेलं. रेडिओ चालू. सवयीनं मी लगेच चावी मागं ओढून काढून घेतली. आता खरी शांतता झाली.

"बंदऽ," आतून आवाज आला.

मी उतरलो. म्हटलं, बॉनेट उघडून बघू. तेवढ्यात फाटकाच्या कुंपणभिंतीवर काहीतरी खणकन ठेवल्याचा आवाज झाला. स्टीलचा पेला, खाली वाटी, वर कॉफीचा फेस, वाफ निघत होती. म्हातारी भिंतीपलीकडे उभी होती. "तगो," ती म्हणाली.

मी मागं पाहिलं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. माझ्यासाठीच असणार. कन्नड येत नसलं तरी पुढं केलेला पेला कळायला भाषा लागत नाही. मी घेतला. दाट, गोड, चिकोरीचा वास असलेली, इतकी छान कॉफी मी त्या अख्ख्या मुक्कामात दुसरी प्यायलो नाही. म्हातारी शेवटच्या घोटापर्यंत कान देऊन उभी होती.

पेला परत दिला तसं तिनं माझं मनगट धरलं. हातात जुडगा होता. तिची बोटं पितळी चकतीवरून फिरली, घुंगरावरून फिरली, एकेक किल्ली चाचपत एका लांब किल्लीपाशी थांबली. ती हसली. मग बोटं माझ्या हातावर आली. माझ्या उजव्या अंगठ्याला नख नाही. वर्कशॉपात एकदा साखळीत सापडला होता. तिथं तिची बोटं थांबली ती थांबलीच. हसूही तसंच राहिलं, पण त्यातलं काहीतरी निघून गेलं. तिनं माझा हात सोडला, पेला घेतला आणि एकही शब्द न बोलता आत गेली.

मी बॉनेट न उघडताच गाडीत बसलो. का, ते मला कळलं नाही.

शुक्रवार

सकाळी यमुनाक्कांना मी हौसेनं सांगायला गेलो. म्हटलं, तुमच्या गल्लीतली निळ्या फाटकाची आजी मराठी बोलते, काल तिनं कॉफी पाजली.

यमुनाक्का मेथी निवडत होत्या. हात थांबला. "गौरम्मा? तिला कुठलं मराठी? चार शब्द येत नाहीत."

"गाडी थांबली की 'बंद' म्हणते ना."

त्यांनी मेथी बाजूला सारली. "अण्णा, ते आपलं बंद नव्हे हो. कन्नडमध्ये बंद म्हणजे आला. 'आला, तो आला' म्हणतीय ती."

मला सोमवार आठवला. खिडकीतून डोकं काढून मी ओरडलो होतो: हो आजी, आला.

"कोण आला?" मी विचारलं.

"गाडीची कागदं बघितली नाहीत का?"

गाडीत कागद होते, मी इंजिनाचा नंबर तेवढा ताडून पाहिला होता. आता पत्ता वाचला. आधीच्या मालकाचा पत्ता हाच क्रॉस, हाच भाग, निळ्या फाटकाचं घर. गाडी जयनगरला विकली गेली, निखिलनं 'राजाजीनगरच्या आरटीओचा नंबर आहे, आपल्याच भागातली' म्हणून घेतली, आणि एवढ्या अफाट शहरात ती फिरून आपल्याच दारात आली होती.

यमुनाक्कांनी मग हळू आवाजात सगळं सांगितलं. गौरम्माचा धाकटा मुलगा, शिवू, आईजवळ राहायचा. रोज साडेपाचला कामावरून यायचा, हंप ओलांडून फाटकासमोर इंजिन बंद करायचा. आई आवाजावरून ओळखायची आणि 'बंद' म्हणून कॉफी टाकायला उठायची. मागच्या वर्षी एका संध्याकाळी गाडी आली, इंजिन थांबलं, आईनं कॉफी आणून भिंतीवर ठेवली, पण कुणी ती उचलली नाही. शिवू स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. छातीतली कळ घेऊन तो घरापर्यंत आला होता. शेजाऱ्यांनी तसाच परस्पर नेला. थोरला मुलगा जयनगरला असतो, तो म्हणाला, आईला सांगू नका, जीव सोडेल. शिवमोग्ग्याला बदली झाली असं सांगितलं. घाईनं गाडी विकली.

"आणि ती कॉफी 'तगो' म्हणून दिली का तुम्हाला?" यमुनाक्कांनी विचारलं. "बाहेरच्या माणसाला 'तगोळ्ळी' म्हणतात. 'तगो' पोटच्या पोराला."

मी बाहेर येऊन नळाखाली चूळ भरली. कॉफीची चव गेली नाही.

"केतकीला यातलं काही कळू देऊ नका," मी सांगितलं. "सरी," म्हणजे बरं, त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

त्या दिवशी मी निळ्या फाटकावरून गेलो नाही. मागच्या क्रॉसनं वळसा घालून सगळीकडे फिरलो. दिवसभरात गाडी एकदाही बंद पडली नाही. हे मी वहीत लिहिलं. हवा, इंधन, ठिणगी. चौथं कारण नाही असं मी फळ्यावर लिहीत असे, आणि आता साठी उलटल्यावर मी एका आंधळ्या म्हातारीला टाळून मागच्या रस्त्यानं पळत होतो. मला माझी लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त वाटली.

शनिवार

सकाळी गाडीत नुसता बसून होतो. चावी एक पायरी पुढं केलेली, रेडिओ लावलेला. तेवढ्यात केतकी जिना उतरून आली. मी आल्यापासून पहिल्यांदाच. दार उघडून मागच्या सीटवर टेकली. "काय उकडतंय बाबा. एसी लावा ना."

"या पायरीवर एसी चालत नाही, पोरी. नुसता रेडिओ चालतो. इंजिन, दिवे, पंखा सगळ्याला पुढची पायरी—"

वाक्य अर्ध्यावर राहिलं. इंजिन जातं, दिवे जातात, पंखा जातो आणि रेडिओवरची बाई गातच राहते. पहिल्या दिवसापासून गाडी मला कानात ओरडून सांगत होती. पंप किंवा सेन्सर गेला असता तर समोर लाल दिवे पेटले असते, स्कॅनरमध्ये नोंद झाली असती. नोंद नव्हती, कारण गाडीच्या हिशेबी दोष झालाच नव्हता. कुणीतरी चावी फिरवून तिला बंद करत होतं.

पोरांना मी पहिल्या तासाला सांगायचो: आधी बघा, मग हात लावा. आणि इथं निखिल काय, मी काय, गाडी थांबली रे थांबली की चावीवर झडप घालत होतो. चावी कुठल्या पायरीवर आहे हे बघायला कुणी थांबलंच नव्हतं.

केतकीला उतरवून मी निघालो. निळं फाटक दिसलं. हंपवर गाडी चढवली आणि नजर चावीवर ठेवली. चाकं उतरली, जुडगा वर उडाला, घुंगरू वाजलं आणि जुडग्याच्या ओझ्यानं चावी टक् करून एक पायरी मागं पडली. इंजिन बंद. रेडिओ चालू. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत राहिलो. नऊ वर्षं त्या वजनानं कुलूप आतून झिजलं होतं.

मी "बंदऽ"ची वाट पाहिली. म्हातारी कट्ट्यावर होती, चेहरा माझ्याकडे होता. ती काही बोलली नाही.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला जुडगा तोलायला दिला. त्यानं आधी माझ्याकडे आणि मग मंजुनाथस्वामींकडे पाहिलं, नमस्कार केला आणि तोलला. साडेतीनशे ग्रॅम. मग पेटीतली करवत काढली, मनातल्या मनात स्वामींची माफी मागितली आणि कडी कापून गाडीची चावी तेवढी मोकळी केली. सलीमभाईनं दुपारी कुलूपही नवं बसवलं. "हौ साब, ये तो बच्चे का खेल था," म्हणाला. मी मुकाट्यानं ऐकून घेतलं.

संध्याकाळी एकट्या चावीनं निळ्या फाटकासमोरून दहा वेळा गेलो-आलो. एकदाही थांबली नाही. दर खेपेला म्हातारीचा चेहरा गाडीबरोबर वळायचा. भिंतीवर पेला नव्हता.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. बाकीच्या दहांतले दोन हंप याच्याहून उंच आहेत. तिथं चावी कधीच पडली नव्हती. कापण्याआधी मी त्या दोन्हींवर जुडग्यासकट गाडी आदळून बघितली होती, पडली नाही. याचं उत्तर माझ्या वहीत नाही.

रविवार

मी केतकीला दोष समजावून सांगितला. पितळेची चकती, वजन, झिजलेलं कुलूप. ती ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "आणि शिवू याच गाडीच्या पुढच्या सीटवर गेला, ते नाही सांगितलंत."

मी हातातला जुडगा खाली ठेवला.

"मला महिनाभर माहीत आहे बाबा. कामवाल्या बाईनं सांगितलं. देवाचं म्हणून नाही, त्याचं म्हणून मी किल्ल्या काढू देत नव्हते. मला भीती वाटायची, काढलं तर रागावेल." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही सगळे माझ्यापासून लपवता, तिच्यापासून लपवता. पोटात पोर आहे म्हणून मी, आणि पोर गेलं म्हणून ती. आम्हाला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? जा, तिच्या किल्ल्या तिला देऊन या."

यमुनाक्कांना घेऊन गेलो. वाटेत त्या सारखं म्हणत होत्या, "काय सांगायचं अण्णा, थोरला रागावेल." फाटकाला आतून कुलूप होतं. गौरम्मा आली. मी गजांतून जुडगा तिच्या हातात ठेवला. सांगायला काही लागलंच नाही. तिनं कापलेली कडी चाचपली, मग लांब किल्ली निवडली आणि स्वतःच्या हातानं कुलपाला लावली. कुलूप उघडलं. तिनं ते पुन्हा लावलं आणि हात बाहेर काढून माझा अंगठा शोधला. नख नसलेल्या जागेवर बोट ठेवून ती यमुनाक्कांना काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

यमुनाक्का माझ्याकडे वळल्या. "म्हणतीय, गुरुवारीच कळलं. त्याच्या आधीही कळत होतं, पण गाडी येऊन थांबायची ना, म्हणून कळून घेतलं नाही." पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "वर्षभर ऐकतोय अण्णा. कुठलीही गाडी दारात थांबली की 'बंद' म्हणते, आला म्हणते. पण एकदाही 'होद' म्हणाली नाही. होद म्हणजे गेला."

मंगळवार

सकाळी साडेसहाला कळा सुरू झाल्या. निखिलला काही सुचेना, तो घरभर चपलाच शोधत होता. मी त्याला केतकीजवळ मागं बसवलं आणि स्वतः स्टिअरिंग घेतलं. मागच्या क्रॉसनं जाता आलं असतं. केतकीच म्हणाली, "इथूनच चला बाबा."

निळं फाटक आलं. गौरम्मा फाटकाशी उभी होती. कमरेला जुडगा खोचलेला. भिंतीवर पेला होता, पालथा घातलेला. हंपवर चढताना माझा उजवा हात आपोआप चावीवर गेला आणि ती धरून राहिला. चाकं उतरली. इंजिन चालू राहिलं.

म्हातारीचा चेहरा आवाजामागं वळत गेला, आमच्या खिडकीवरून पुढं, पुढं, वळणापर्यंत. आरशात मला तिचे ओठ दिसले, आणि उघड्या काचेतून शब्द ऐकू आला.

"होदऽ."

केतकीला कन्नड माझ्यापेक्षा बरं येतं. तिनं कळेतच मागून माझा खांदा घट्ट धरला. मी गाडी थांबवली नाही. पुलाच्या लोखंडी सांध्यावरूनही ती तशीच गेली, आणि आठ वाजायच्या आत आम्ही जयनगरला पोचलो.

मुलगा झाला. नर्सबाईंनी आणलेली पेला-वाटीतली कॉफी मी पारोशा अंगानंच हातात घेतली, आणि पिण्याआधी थोडी शिवूच्या नावानं वाटीत ओतून बाजूला ठेवली.